दाराशी काढलेले बूट

आमच्या बाबांना बूट कळत, माणसं कळत नसत. हे मी लेकीच्या रागाने म्हणते आहे, पण खोटं म्हणत नाही.

वर्ध्याच्या बाजारात आमचं बूट-चपलांचं दुकान. खाली गल्ल्यावर बाबा, म्हणजे प्रभाकरराव, आणि लाकडी जिना चढून गेलं की माळ्यावर माझा मोठा भाऊ हेमराज. खाली शाळेचे काळे बूट, बायकांच्या चपला, शेतावर जाणाऱ्यांचे जाड टायरसोल. माळ्यावर पोरांचे स्पोर्ट शूज. ते माळ्याचं खातं बाबांनी हिशेबासकट दादाला देऊन टाकलं होतं. ‘ते रंगीबेरंगी तूच पाहून घे, मले गुडघे नाई चढू देत,’ असं म्हणून ते मोकळे झाले होते.

नव्वदनंतर घरोघरी केबल आली आणि वर्ध्याच्या पोरांना फाल्को नावाच्या परदेशी बुटांचं वेड लागलं. बुटाच्या अंगावर पंख पसरलेली घार. असली फाल्को घ्यायचे म्हणजे कारकुनाचा एक पगार गेलाच समजा. पण वेड काय पगार बघून लागतं? मग नकली फाल्को आले. फेरीवाल्यांकडे आले, जत्रेत आले, चांगल्या काचेच्या दुकानांतही आले, आणि असली कोणते नि नकली कोणते हे विचारायला लोक आमच्या बाबांकडे येऊ लागले.

बाबांना तो मोठा मान वाटायचा. ते हातातलं काम बाजूला सारून, चष्मा पुसून बसत. आधी डबा. डब्यावरचा नंबर आणि बुटाच्या जिभेमागच्या पट्टीवरचा नंबर एकच आहे का, ते बघायचं. मग एक बूट एका तळहातावर, दुसरा दुसऱ्यावर. वजनात फरक लागला की त्यांची भुवई वर जायची. मग नाक आत खुपसून वास. नकलीत चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास असतो आणि तो काही केल्या जात नाही. मग सोल वाकवून बघायचा. सगळ्यात शेवटी घार. खऱ्या फाल्कोच्या घारीचा पंख शिवणीच्या जरा अलीकडे थांबतो, नकली करणाऱ्याला तेवढा धीर नसतो, त्याचा पंख शिवणीखाली दबतो. ‘दुकानदाराच्या जिभेकडे नका पाहू बाप्पा, बुटाच्या जिभेकडे पाहा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक हसायचं. आम्ही घरात ते इतक्या वेळा ऐकलं होतं की आई पोळ्या लाटता लाटता त्यांच्या आधी म्हणायची.

दुसऱ्यांच्या दुकानातला माल बाबा इतका पारखून बघत, पण आपल्याच माळ्यावर काय आहे ते कधी चढून बघितलं नाही. घरच्या मालावर शंका घेणं म्हणजे पोरावर शंका घेणं, असं त्यांचं मत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझी बहीण अंजू माझ्याहून मोठी. बी.कॉम. झालेली, दुपारी बाबा जेवायला आले की गल्ला सांभाळणारी, बोलायला कमी. मी बोलते ते दोघींचं मिळून बोलते असं आई म्हणायची. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर अंजूसाठी नालवाडीचं एक स्थळ आलं. बाबांचे मित्र किसनराव मध्ये होते. मुलाचे वडील श्रीधरराव जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, आई यशोदाबाई, आणि मुलगा शौनक एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. बाबांनी स्वतः नालवाडीला जाऊन घर बघून घेतलं होतं. अंगणातल्या तुळशीपासून श्रीधररावांच्या बोलण्यापर्यंत त्यांना सगळं पसंत होतं. राहिलं होतं फक्त मुलगी दाखवणं.

ते एका रविवारी आले. आमच्याकडे पाहुणा आला की आधी मागच्या अंगणात पाय धुवायला पाणी, मग बैठकीत. शौनक उंच, किंचित वाकून चालणारा, दाराची चौकट आपल्याला लागेल अशी कायम भीती असल्यासारखा. दाराशी त्याने बूट काढले आणि मोजे नीट घडी करून बुटांत ठेवले. पांढरे-निळे, नवे कोरे फाल्को. तिघं मागे पाय धुवायला गेले. त्यांना टॉवेल देऊन बाबा पुढच्या दाराशी गेले. मला वाटलं, किसनकाका आले का ते बघायला गेले असतील. मी खिडकीतून बघितलं तर बाबा उकिडवे बसून शौनकचा एक बूट तळहातावर तोलत होते. मग त्यांनी तो नाकाशी नेला. मग अंगठा घारीवरून फिरवला. बूट जागेवर ठेवून ते आत आले तेव्हा त्यांचा चेहरा दुकान बंद केल्यावरच्या शटरसारखा झाला होता.

पाहण्याच्या कार्यक्रमात काय असतं! पोहे, चहा, ‘पोहे मुलीनेच केले’ हे आईचं वाक्य. तेही खरं होतं यावेळी. मग दोघांना बोलायला म्हणून मागच्या व्हरांड्यात पाठवलं आणि मला पडद्याआड उभं राहायचं काम कुणी न सांगता मिळालं.

‘तुम्ही विचारा काहीतरी,’ शौनक म्हणाला. ‘मी कॉलेजात दिवसभर पोरांना प्रश्न विचारतो, मला दुसरं काही येत नाही.’

अंजूने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, ‘पोहे तिखट झाले का?’

‘खूप,’ तो म्हणाला. ‘डोळ्यांत पाणी आलं. पण सगळे खाल्ले मी.’

अंजू हसली. अशी हसली की मलाच पडद्याआड चोरट्यासारखं वाटलं. मी तिच्याजवळ झोपायचे, तिचं हसणं मला माहीत होतं. ते हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पाहुणे गेले. आई आनंदात होती, तिने देवापुढे साखर ठेवायला वाटी काढली होती. बाबा म्हणाले, ‘ते राहू दे. हे जमत नाई.’

‘अगंबाई! काऊन?’

‘पोट्ट्याच्या पायात नकली बूट होते.’

आईला आधी समजलंच नाही. मग तिने कपाळाला हात लावला. ‘अहो, तुम्ही जावई पाहून राह्यले की बूट?’

‘बूटच पाह्यले, अन् बरं झालं पाह्यले,’ बाबा म्हणाले. ‘अख्ख्या वर्ध्याले मी सांगतो, नकली घेऊ नका. अन् माझा जावई नकली घालून माझ्याच दारात पाय ठेवते? परवडत नाई तर साधे घाल न. मी काय नाव ठेवलं असतं? पण नाई, दिखावा पाह्यजे. ज्याच्या पायात दिखावा, त्याच्या तोंडात किती असन?’

‘चांगला सरळ पोरगा दिसला मले.’

‘दिसतेच तसं. नकली माल पह्यल्या दिवशी असलीहून चमकते.’

दादा कोपऱ्यात बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. बशी संपल्यावर उठून दुकानाची किल्ली घेतली आणि रविवार असूनही दुकानात गेला. अंजू स्वयंपाकघरात कप विसळत होती. नळ चालू होता, पण आमचं घर काही राजवाडा नव्हे, तिने सगळं ऐकलं असणारच. मी आत गेले तर ती म्हणाली, ‘तो डबा दे,’ आणि उरलेले पोहे डब्यात भरले.

किसनकाकांमार्फत बाबांनी निरोप धाडला: आमच्या गुरुजींनी पुन्हा पत्रिका बघितली, जुळत नाही. नकार द्यायची आपल्याकडची ही सभ्य रीत. समोरच्यालाही माहीत असतं की हे खरं नाही, तरी तो ‘बरं बरं’ म्हणतो. नकली बुटांवरून माणूस नाकारणाऱ्या बाबांना हा नकली निरोप पाठवताना काही वाटलं नाही. मी तसं म्हणाले तर मला ‘तू गप बस’ मिळालं.

त्यानंतर अंजू बदलली असं काही म्हणता येणार नाही. ती गल्ल्यावर बसायची, सुट्टे मोजायची, संध्याकाळी तुळशीला दिवा लावायची. फक्त पुढचं स्थळ आलं तेव्हा ती म्हणाली, ‘जरा थांबू या का?’ आणि त्याच्या पुढचं आलं तेव्हाही तेच म्हणाली. आई बाबांकडे बघायची, बाबा पेपर उघडायचे.

उन्हाळा तोंडावर आला असताना एका दुपारी रोहण्याचे रूपराव दुकानात आले. आमचे जुने गिऱ्हाईक. बाजारच्या दिवशी वर्ध्याला आले की दुकानात पाणी प्यायल्याशिवाय जात नसत. बाजारच्या दिवशी बाबा घरी जेवायला येत नसत, म्हणून मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. रूपरावांनी थैलीतून एक बूट काढून काउंटरवर ठेवला. त्याचा सोल भुकेल्या तोंडासारखा उघडा पडला होता.

‘माह्या पुतण्याचा हाय,’ रूपराव म्हणाले. ‘पोलीस भरतीसाठी पळून राह्यला होता. ऐन मैदानात सोल निघाला जी. आपटला. दात गेला एक.’

बाबांनी बूट उचलला. फाल्को. त्यांनी वास घेतला नाही, तोलला नाही. घारीवर अंगठा फिरवला तेवढाच. ‘नकली हाय रूपराव,’ ते तावातावाने म्हणाले. ‘शंभर टक्के नकली. पंख दबला हाय पाहा शिवणीखाली. काऊन घेता असा माल? घ्यायच्या आधी मले दाखवाचं तर होतं! कोण्या चोट्ट्यानं गळ्यात मारला हा?’

रूपराव ओशाळले. तो भला माणूस उलट आपलाच गुन्हा असल्यासारखा खाली बघायला लागला. मग हळूच म्हणाला, ‘तुमच्या दुकानातूनच नेला जी. वरच्या माळ्यावरून. तुमचं दुकान म्हणून दाखवाची गरज नाई वाटली.’

बाबांनी बूट खाली ठेवला. दुकानात दोन बायका चपला घालून बघत होत्या, त्यांनीही ऐकलं. बाबा उठले आणि जिन्याकडे गेले. गुडघे धरत, एकेका पायरीवर थांबत चढले. मीही मागे गेले. माळ्यावर दादा नव्हता, जेवायला गेला होता. भिंतीला लावून निळ्या डब्यांची रास होती. बाबांनी वरचा डबा उघडला. मग त्याखालचा. मग त्याखालचा. माळ्यावर सोल्युशनचा वास इतका भरला होता की नाक जवळ न्यायची गरजच नव्हती.

एका डब्यात पांढरे-निळे होते. तो जोड बाबांनी बराच वेळ हातात धरला.

दादा आला तेव्हा ते माळ्यावरच स्टुलावर बसले होते. ‘कवापासून?’ त्यांनी विचारलं.

दादा आधी पुष्कळ बोलला. सगळेच विकतात, असली माल उचलायला भांडवल कोण देणार, गिऱ्हाईकालाही माहीत असतं, स्वस्तात घार पाहिजे असते त्याला. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी तो पांढरा-निळा जोड पुढे केला.

‘नालवाडीचा पोरगा. त्याचे इथलेच होते?’

दादाने उघड्या डब्याचं झाकण लावलं.

‘हेमराज, मी काय इचारून राह्यलो?’

‘इथूनच नेले त्यानं,’ दादा म्हणाला. ‘नेले तेव्हा हाच आपल्या अंजूले पाहाले येणार हे मले माहीत नव्हतं बाबा, आईची शपथ. पाहायले आले तेव्हा ओळखला. त्यानंही मले ओळखलं, हसला माह्याकडे पाहून.’

‘अन् तू शेंगदाणे खात बसला.’

हे बाबांनी म्हटलं नाही, मी म्हटलं. दादाचा राग मला आजही आहे. तो माझी राखी घेतो, भाऊबीजेला साडी देतो, त्याचा मुलगा पियुष माझ्या मांडीवर वाढला, तरी आहे. नकली बूट विकले ते एक वेळ माफ. पण बहिणीचं ठरत आलेलं लग्न समोर मोडताना तो तोंड उघडू शकत होता, आणि बापाची बोलणी चुकावीत म्हणून त्याने उघडलं नाही.

बाबांनी तसंच खाली उतरून चपला घातल्या. रूपरावांना म्हणाले, ‘पोराचा दात मी करून देतो, त्याले घेऊन येजा.’ आणि मला म्हणाले, ‘चाल नालवाडीले.’ मला का नेलं कोण जाणे. एकट्याने जायचं धैर्य नसेल.

श्रीधररावांच्या घरी पुढच्या खोलीत चटई अंथरली होती आणि यशोदाबाई लग्नाच्या कार्डांना हळदीकुंकू लावत बसल्या होत्या. ते बघताच मला मागे फिरावंसं वाटलं. पण बाबांनी चपला काढल्या होत्या. श्रीधरराव लगबगीने उठले, ‘या या प्रभाकरराव,’ म्हणाले, पाणी मागवलं. नाकारलेल्या मुलाच्या घरी इतक्या अगत्याने कुणी खुर्ची देत असेल असं मला वाटलं नव्हतं.

‘शौनकचं जमलं,’ ते म्हणाले. ‘चारुता नाव हाय मुलीचं. आर्वीची. तुमचंही कार्ड लिहिलं हाय बरं का.’

बाबांनी पाणी घेतलं नाही. ते उभ्यानेच म्हणाले, ‘मी खोटं बोललो होतो तुमच्याशी. पत्रिकेचं काही नव्हतं.’

‘ते कळलं होतं आम्हाले,’ यशोदाबाई म्हणाल्या. त्यांचं बोट कुंकवात तसंच राहिलं. ‘गुण तर चांगले जुळले होते. मग खोट कशात दिसली, तेच नाई समजलं. पोरगा लय दिवस मले विचारत राह्यला, आई, मी काही चुकीचं बोललो का वं तिथी? म्हणे, पोहे तिखट झाले म्हणालो, ते नाई आवडलं का त्यायले?’

बाबांनी मग सगळं सांगितलं. बूट, घार, माळा, हेमराज. एकही शब्द गाळला नाही, स्वतःला कुठे सावरून घेतलं नाही. एवढं एक त्यांचं मला त्या दिवशी आवडलं. ऐकता ऐकता यशोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘तो नव्हता घेत असे बूट,’ त्या म्हणाल्या. ‘सँडल घालूनच येणार होता. मीच म्हटलं, चप्पल-बुटाच्या दुकानवाल्याच्या घरी पोरगी पाहायले चालला, तर त्यायच्याच दुकानातून नवे घेऊन जा, मान राह्यते. त्यायले बरं वाटन.’

तेवढ्यात शौनक कॉलेजातून आला. दाराशी त्याने साधे सँडल काढले. आम्हाला बघून थबकला, मग वाकून बाबांच्या पाया पडला. श्रीधररावांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो चिडेल, निदान टोमणा तरी मारेल अशी माझी अपेक्षा होती. खरं सांगायचं तर माझी इच्छाच होती.

त्याला आधी अर्थच लागला नाही. मग तो अगदी साधेपणाने म्हणाला, ‘काका, तेव्हाच सांगतलं असतं तर मी बदलून आणले असते.’

बाबा खाली बसले. खुर्चीवर नाही, चटईवर, त्या कार्डांच्या शेजारी. श्रीधररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘होते असं. पोरीचा योग दुसरीकडे असन.’ त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बाबांना घरी जाणं सोपं झालं असतं.

परतताना आम्ही ऑटो केला नाही. घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि अंजू अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मुलीशी असं समोर उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. जे सांगायचं ते आईमार्फत सांगायचे.

‘अंजू, तो नालवाडीचा पोरगा,’ ते म्हणाले आणि अडले. मग म्हणाले, ‘त्याची काही चूक नव्हती. ते बूट आपल्याच दुकानातले होते. त्याले माहीतच नव्हतं नकली हायेत म्हणून.’

अंजूने टॉवेलची घडी केली. ‘मले माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘काय माहीत होतं?’

‘नकली हायेत ते. तुम्ही पाहाच्या आधी मी पाह्यले होते. रांगोळी पुसली गेली होती म्हणून दाराशी गेलती, तेव्हा. इतके वर्षं गल्ल्यावर बसते बाबा, मले नाई का दिसणार पंख दबलेला? आपले हायेत, हे मात्र नव्हतं माहीत.’

‘अन् तरी तुले…’

‘तरी काय? त्याले बुटातलं समजत नाई, एवढंच समजलं मले. त्यात काय वाईट हाय? घरात एकाले समजते तेवढं पुरते.’

बाबांचा आवाज चढला, पण तो रागाने नव्हे. ‘मग तेव्हा बोलली काऊन नाई? एक शब्द बोलाचा होता!’

अंजूने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. ‘मले कोणी विचारलंच नाई बाबा. तुम्ही आईले सांगतलं, किसनकाकाले सांगतलं. मी आतच होती न, कप विसळत.’

आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी दोरीवर राहिलेला त्यांचाच सदरा काढला, घडी करायचा प्रयत्न केला, त्यांना ती जमली नाही. मग सदरा तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, ‘तुले पसंत होता का तो?’

‘हो,’ अंजू म्हणाली. त्यांच्या हातातला सदरा तिने घेतला, नीट घडी केली आणि सगळे कपडे उचलून आत गेली.